दारामागची ओळ

आमच्या घरात सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या असायच्या. पहूरला बाजाराच्या टोकाला आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची चक्की होती आणि चक्कीच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. पीठ कौलांतून यायचं, दाराच्या फटीतून यायचं, अंथरुणात असायचं. माठाच्या तोंडाला फडकं बांधलं तरी तळाशी साका बसायचा. माय दिवसातून तीनदा झाडायची, आणि तिसऱ्यांदा झाडताना पहिल्यांदा झाडलेलंच परत आलेलं असायचं. इंजिन डिझेलचं, माझ्या डोक्याइतकं उंच, दोन बाजूंना दोन जड चाकं. एका चाकावरून रुंद पट्टा चक्कीच्या चाकावर गेलेला. धुराड्याच्या तोंडावर आबांनी एक डबडं उपडं बसवलं होतं. त्यामुळे धूर बाहेर पडताना पुक्, पुक्, पुक् असा आवाज व्हायचा आणि तो पार शिवारात ऐकू जायचा. तो ऐकला की बायका डबे डोक्यावर घेऊन निघायच्या. आता मी जळगावात पिंप्राळ्याला मुलाकडे राहते. समोर गिरणी आहे, ती विजेवर चालते, नुसती घरघरते. तरी दुपारी जरा डोळा लागला की मला ते पुक् पुक् ऐकू येतं. कान तपासून घेतले. कान चांगले आहेत.

हे लिहायला बसण्याचं कारण माझी नात केतकी. ती कॉम्प्युटरचा एक कोर्स करते, त्यात तिला एक पान बनवायचं होतं. एखाद्या यंत्राची नाहीतर कामाची पूर्ण माहिती देणारं पान. डावीकडे यादी, यादीतल्या ओळीवर बोट दाबलं की उजवीकडे तो भाग समोर आला पाहिजे. वर पुन्हा ते पान मोठ्या पडद्यावरही नीट दिसलं पाहिजे आणि मोबाइलवरही. तिच्या मैत्रिणींनी कॉम्प्युटरचेच विषय घेतले. हिला वेगळं काहीतरी हवं होतं. मी मेथी निवडत होते तिथे येऊन बसली.

"आजी, तुझ्या आबांची चक्की होती ना? ते इंजिन कसं चालू करायचं, आठवतं तुला?"

"झोपेत विचार."

"मग सांग. एकेक पायरी."

मी सांगितलं. तेल बघायचं, हौदातलं पाणी बघायचं, डिझेलचा कॉक उघडायचा, वरचा खटका उचलायचा, हँडल लावून फिरवायचं, चाकाने वेग धरला की खटका सोडायचा, हँडल काढून घ्यायचं, मग पट्टा हळूहळू चक्कीच्या चाकावर सरकवायचा. आठ झाल्या. नववीच्या आधी मी मेथीच्या काड्या गोळा करून बाजूला ठेवल्या. मग नववी सांगितली: पट्टा सुटला तर इंजिन बंद करा, चाक पूर्ण थांबू द्या, मगच पट्ट्याला हात लावा.

ती टाइप करत बसली. पडद्यावर कंस, आकडे, इंग्रजी अक्षरं. हे काय लिहितेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "एचटीएमएल म्हणजे पंगतीला कोण कोण आलंय ते. सीएसएस म्हणजे कोणी कुठे बसायचं, मध्ये किती जागा सोडायची." मी म्हटलं, "आणि वाढतं कोण?" ती हसली, म्हणाली, "ब्राउजर वाढतो." दोन दिवसांनी तिने मोठ्या पडद्यावर पान दाखवलं. पांढरी जमीन, काळी अक्षरं, एकाखाली एक पायऱ्या, शेजारी इंजिनाचं चित्र, उजवीकडे पिवळी चौकट आणि चौकटीत नववी ओळ. चांगलं केलं होतं पोरीने. मला ते बघवेना. मी ते आधी एकदा पाहिलेलं होतं, आणि ते मीच लिहिलं होतं.

त्याचं असं झालं. आबांना अक्षरओळख नव्हती. माझा थोरला भाऊ श्रावण इंजिन चालवायचा ते नुसत्या हाताच्या सवयीने. त्याचं लग्न झालं आणि धुळ्याकडची सुमनवहिनी घरात आली. सातवी शिकलेली. आमच्या चक्कीवरच्या एकाही बाईला सही येत नव्हती आणि ही वर्तमानपत्राचा पुडा सोडला की पुड्याचा कागद वाचत बसायची. आबांनी ते पाहून ठेवलं. चक्कीचे दगड घासले की टाकी लावून, म्हणजे खाचा पाडून घ्यायला, सामान आणायला आबांना आणि भाऊला जळगावला जावं लागायचं, त्या दिवशी इंजिन बंद राहायचं आणि बायका तोंडं वाकडी करून परत जायच्या. आबा म्हणाले, सून चालवीन. माय म्हणाली, "लोक काय म्हनतीन?" आबा म्हणाले, "इंजिनले काय समजते, लुगडं हाय का धोतर? वाचता येते ना तिले? मग भितीवर लिहून ठेवू."

जळगावचा मिस्त्री आला, त्याने सांगितलं आणि मी लिहिलं. मी नुकतीच चौथी पास झाले होते आणि गुरुजी मला फळ्यावर लिहायला लावून माझं अक्षर वर्गाला दाखवायचे. इंजिनाचं जळकं काळं तेल, कडुलिंबाची चघळलेली काडी, चुन्याने सारवलेली भिंत. आषाढातल्या अमावस्येचा दिवस होता. अमावस्येला आमची चक्की बंद असायची, इंजिनाला हळदकुंकू लावून नारळ फोडायचा आणि दार लावून घ्यायचं, कारण दार उघडं दिसलं की कोणीतरी डबा घेऊन येणारच. तर दार लावलेलं. खिडकीच्या उजेडात मी दुपारभर लिहीत होते. आठ पायऱ्या झाल्या आणि भिंत संपली, पुढे तेलाच्या डब्यांची फळी होती. मिस्त्री म्हणाला, "एक महत्त्वाचं राहिलं." आबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "दारावर लिही, जातायेता दिसीन." मी दाराच्या जुन्या काळ्या लाकडावर चुन्याने नववी ओळ लिहिली. सगळ्यांत मोठ्या अक्षरांत. मिस्त्रीने वाचून पाहिली. आबांनी गुळाचा खडा दिला, आणि घरी येईल त्याला सांगितलं की पोरीने भिंत बोलती केली.

दुसऱ्या दिवशी आबांनी दार उघडलं. दार आत उघडायचं आणि भिंतीला जाऊन टेकायचं. ओळ भिंतीकडे गेली.

चक्की चालू असताना दार दिवसभर उघडं असायचं, आणि पाळीचे डबे त्याच दाराला लावून ठेवायची पद्धत होती. म्हणजे ओळ लिहिली होती ती फक्त अमावस्येला दिसणार होती, जेव्हा इंजिन बंद असतं. हे मला त्याच सकाळी कळलं. दहा वर्षांची होते, पण मूर्ख नव्हते. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आबा म्हणाले असते, पुन्हा लिही, आणि काल ज्यांनी कौतुक केलं ते हसले असते. एवढंच कारण होतं. दुसरं मोठं काही कारण असतं तर बरं झालं असतं, असं मला अनेकदा वाटलं आहे.

सुमनवहिनी उंच होती, हाडापेराने मजबूत, आणि बोलायची ती अहिराणी. आमच्या भागातली बोली वेगळी. ती "आहे"च्या जागी "शे" म्हणाली की बायका डब्यावर हात ठेवून हसायच्या. भागाबाई नावाची एक म्हातारी रोज तिची थट्टा करायची: "काय शे वं सुमन, पीठ जाडं शे का बारीक शे?" वहिनी म्हणायची, "तुमना दातस्नासारखं शे भागाबाई, व्हतं तवढं खाली पडनं." मग सगळी चक्की हसायची, भागाबाई सगळ्यांत जास्त. वहिनीच्या हातची कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची, मी पुढे कुठे खाल्ली नाही. हातभर मोठी थापायची. थापताना आवाज यायचा तो एकसारखा, थप थप थप, इंजिनाच्या तालावर. वर हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चं तेल. मी तिच्या मांडीला लागून बसून खायची आणि ती एकीकडे भिंतीवरच्या पायऱ्या पाठ म्हणायची. पंधरवड्यात ती इंजिन चालवायला लागली. प्रत्येक वेळी आधी भिंत वाचायची, पाठ झाल्यावरही. भाऊ तिला चिडवायचा, "रोज काय वाचते? भित काय बदलती का?" ती म्हणायची, "लिखेल शे त वाचनं पडी."

आबा आणि भाऊ जळगावला गेले त्या दिवशी पोळा जवळ आला होता, पुरणपोळ्यांच्या गव्हाची गर्दी होती. बारा-तेरा बायका आणि दाराला आठ डबे. वहिनीने भिंत वाचली, पदर खोचला, हँडल मारलं. इंजिन लागलं. दोन तास चांगलं चाललं. मग गहू ओलसर निघाला एका बाईचा, दगड जड झाले आणि पट्टा सटकन उतरून इंजिनाच्या चाकाच्या आसाशी लोंबकळायला लागला. चक्की थांबली. इंजिन चालूच होतं, मोकळं झाल्याने जास्तच जोरात. बायका कलकलायला लागल्या, कोणी म्हणालं आता संध्याकाळपर्यंत बसा. वहिनी भिंतीपाशी गेली. पहिल्यापासून आठवीपर्यंत बोट फिरवत वाचलं. मग माझ्याकडे वळली.

"इंदू, पट्टा उतरना त काय करनं? आठे त लिखेल नही शे."

इथे भिंतीवर नव्हतं लिहिलेलं, पण मला नववी ओळ तोंडपाठ होती. दार चार हातांवर होतं. दार ओढायचं तर आठ डबे सरकवावे लागले असते, बारा बायकांसमोर, आणि त्यांनी विचारलं असतं, ही ओळ इथे कोणी लिहिली. नुसतं तोंडाने सांगितलं असतं तरी चाललं असतं. तेही मला तेव्हाच कळत होतं. मी म्हणाले, "भाऊ तसाच चढवतो."

ते खोटं नव्हतं. भाऊ तसाच चढवायचा, काठीने, एका झटक्यात, दहा वर्षांच्या सवयीने. काठी कोपऱ्यात होती. काठीचं मी बोलले नाही, कारण ते मला आठवलं नाही. तिने उजव्या हाताने पट्टा उचलला आणि चाकावर धरला.

पट्ट्याने हात आत घेतला. त्यापुढचं मी लिहीत नाही. एवढं सांगते की बायका ओरडत होत्या आणि धुराड्यावरचं डबडं तसंच वाजत होतं, पुक्, पुक्, पुक्, त्याला काही झालेलं नव्हतं. कॉक मी बंद केला. कसा करायचा ते मला माहीत होतं. चाकं जड, कॉक बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहिली. केळीची गाडी जळगावकडे चालली होती, तिच्यात घालून तिला नेलं. जीव वाचला. हात कोपरावरून काढावा लागला.

दीड महिन्याने ती घरी आली. घराने एव्हाना ठरवलं होतं की चूक तिची. माय येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "वाचता येते म्हनून आनली. वाचून काय केलं, तं चालत्या चाकात हात घातला." आबा मायला अडवायचे नाहीत. भाऊने दारापुढच्या दगडावर बसून राहायची सवय लावून घेतली. वहिनी डाव्या हाताने भाकरी थापायचा प्रयत्न करायची. तो आवाज मला अजून येतो. थप, मग काही नाही, मग थप. भाकरी एका अंगाला जाड व्हायची, तव्यावर टाकताना फाटायची. माय ती उचलून गाईला घालायची. पोळा होऊन दिवाळी जवळ आली, आणि दिवाळीच्या आधीच तिला माहेरी धाडायचं ठरलं. चार दिवस म्हणाले. चार दिवस नाहीत, हे तिलाही माहीत होतं.

तिचा भाऊ न्यायला येणार होता. ओट्यावर बसली तर लोक विचारतील म्हणून मायने तिला चक्कीच्या खोलीत बसवलं आणि दार लावलं. अमावस्या नसताना दिवसाउजेडी ते दार लागलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वाटेसाठी भाकरी बांधून दिली होती, ती घेऊन मी आत गेले आणि दार परत लोटलं, तसं सांगितलं होतं. ती दळणाच्या पोत्यावर बसली होती, दाराकडे तोंड करून. माझ्या पाठीमागे बघत होती. मी वळून पाहिलं नाही. काय बघत होती ते मला माहीत होतं. बराच वेळ लागला तिला, एका ओळीला जेवढा लागू नये तेवढा.

"अक्षर तुनंच शे ना?"

"हो."

"चांगलं शे. शाळा सोडू नको."

तिने गाठोडं डाव्या हातात घेतलं. बाहेर सगळे उभे होते, आबा, माय, भाऊ, तिचा भाऊ. एक वाक्य तिने म्हटलं असतं तर पुरे होतं. तिने मायच्या पाया पडून घेतलं आणि गेली. तिने सांगितलं नाही म्हणून मीही सांगितलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खरं नाही. तिने सांगितलं नाही ते मला वाचवायला. मी सांगितलं नाही ते मलाच वाचवायला. आबांनी पुढे ती भिंत सारवून घेतली. दार कोणी धुतलं नाही. शाळेचं म्हणाल तर पाचवीला मी गेलेच नाही. गुरुजी घरी येऊन गेले, पण काडी असो खडू असो, लिहायला हातात धरलं की पुढे पुष्कळ वर्षं माझा हात कोपरापासून थंड पडायचा.

माझं लग्न धुळ्यात झालं. देव असला तर त्याला थट्टा कळते. पंचवीस-तीस वर्षं मी धुळ्यात काढली आणि तिचं माहेर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. बायकांकडून कळायचं: एका हाताची बाई बालवाडीत शिकवते, डाव्या हाताने पाटीवर लिहिते, पोरं तिला अक्का म्हणतात. भाजीबाजारात एकदा ती समोरून येताना दिसली. मी वांग्याच्या ढिगाकडे वळले आणि वांगी निवडत राहिले, गरज नव्हती तरी दोन किलो घेतली. भरीत केलं, कोणी खाल्लं नाही. मग ती वारल्याचं कळलं. तेराव्यालाही मी गेले नाही. भ्याले होते, दुसरं काही नाही.

हे सगळं मी कोणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. मागच्या महिन्यात मी दाळीला फोडणी देत होते आणि केतकी मोबाइल घेऊन आली. पान तयार झालं होतं. आता मोबाइलवर बघ म्हणाली. यादी वर गेली होती, चित्र खाली आलं होतं, अक्षरं मोठी झाली होती, चष्म्याशिवाय वाचता येत होतं. मी बोटाने सरकवत मोजत गेले. आठ.

"नववी कुठाय?"

"कुठली? अगं, ती चौकटीत होती ना उजवीकडे. मोबाइलवर बाजूला जागाच नसते. फार लांबत होतं म्हणून लपवली."

"खोडलीस?"

"खोडली नाही. आहे ती. डिस्प्ले नन केलंय फक्त. म्हणजे लिहिलेली राहते, पण दिसत नाही."

मी गॅस बंद केला. मग खाली बसले. केतकी घाबरली, आईला फोन लावायला लागली, मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "हे पान बनवलंस कुठल्या पडद्यावर?" ती म्हणाली, "मोठ्या." मी म्हटलं, "आणि वाचणारे?" ती म्हणाली, "बहुतेक मोबाइलवरच." मग मी तिला सांगितलं, तिथेच, फरशीवर बसून, जसं इथे लिहिलं तसं. ती रडली नाही, बरं केलं. थोड्या वेळाने उठून कॉम्प्युटर घेऊन आली. ओळ चौकटीतून बाहेर काढली आणि सगळ्या पायऱ्यांच्या वर, पहिल्या पायरीच्याही आधी ठेवली. लपवायची आज्ञा खोडून टाकली. मी ते खोडताना बघितलं.

"अजून एक लिही," मी म्हणाले. "त्याच्या खालीच. ही ओळ सुमनवहिनीला दिसली नाही, कारण ती दारामागे लिहिली होती. चूक तिची नव्हती."

केतकी थांबली. "आजी, माहितीच्या पानात असं लिहीत नाहीत. तपासणारे विचारतील, याचा इंजिनाशी काय संबंध. गुण कापतील."

"किती?"

"माहीत नाही. पास नाही केलं तर पूर्ण परत करावं लागेल."

"मग परत करू. मी बसते तुझ्याजवळ."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि टाइप केलं. मग बोटं तशीच ठेवून तिने विचारलं, "दारामागे कोणी लिहिली, ते टाकू?"

घरात कोणी नव्हतं. समोरची गिरणी घरघरत होती. मी म्हणाले, "टाक. इंदू. पहूरची. तिला माहीत होतं, असंही टाक."

तिने टाकलं. मग पानाची कड धरून ते अरुंद करायला लागली, मला दाखवायला. यादी वर सरकली, चित्र खाली गेलं, ओळी मोडून दुहेरी झाल्या, तिहेरी झाल्या. वरची ओळ होती तिथेच होती.

"अजून लहान कर," मी म्हणाले.

"आजी, एवढा अरुंद मोबाइल नसतो कोणाचा."

"तरी कर."

तिने केलं. एका ओळीत एक शब्द मावेल एवढं पान उरलं. पट्टा. सुटला. तर. मी शेवटपर्यंत वाचत गेले.